फोनवर खाकरणारे मामा

टेम्पोत सगळ्यात शेवटी चढला तो खव्याचा डबा. त्याआधी गादी, दोन पातेली, परात, काठवट, ज्वारीचं पोतं आणि मी. लग्नाला वर्ष होत आलं होतं. माझ्या नवऱ्याला, म्हणजे दत्ताला, चाकणच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती, आणि ईट गावातल्या आमच्या गल्लीतून पुण्याकडं निघालेलं ते पहिलंच बिऱ्हाड. त्यामुळं अख्खी गल्ली बघायला जमलेली. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्या रडत रडत सूचना देत होत्या, "तिकडचं दूध पाणचट असतंय बाई, दोनदा तापीव." सासरे, म्हणजे मामा, सगळ्यांच्या मागं लिंबाखाली उभे. टेम्पो सुरू झाला तसं त्यांनी आमच्याकडं बघितलं, डोक्याला हात लावला, टोपी पुढं ओढली आणि मान फिरवली.

मी ओळखलं. सुनेनं न सांगता ओळखायचं असतं, ही आमच्याकडची पहिली शिकवण. डोक्याला हात लावला म्हणजे, "बाई, पुण्याला चाललीस, पण डोक्यावरचा पदर ढळू देऊ नगंस." ज्वारीच्या पोत्यावर बसल्या बसल्या मी पदर कपाळापर्यंत ओढला. ती खूण मी सतरा वर्षं पाळली. गावात राहिलेल्या आणि गावातून उठून गेलेल्या माझ्या बायांनो, ती पाळून मी कशी तोंडघशी पडले तेच सांगायला बसलेय.

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्या घरात सासरा असा तडक आत येत नाही. उंबऱ्याबाहेर थांबून खाकरतो. तेवढ्यात सून पदर सावरते, बसली असेल तर उठते, दाराआड होते. मग तो आत येतो. सुनेशी थेट बोलत नाही. चहा हवा असला तर मामा म्हशीला सांगायचे, "चंद्रे, कुणी घोटभर चहा टाकला तर लई बरं हुईल बघ." चंद्री काही चहा टाकत नसे, मी टाकायचे. त्या वर्षभरात मामा माझ्याशी एक वाक्य सरळ बोलले नाहीत, पण म्हशीमार्फत आमचं उत्तम चाललं होतं.

भोसरीच्या खोलीत पहिल्या सकाळी जागी झाले तर खाकरायला कुणीच नाही! दत्ता पहिल्या पाळीला गेलेला. मी दार लावलं, पदर खाली टाकला आणि तशीच बसले. कानाला वारा लागत होता. इतकं हलकं वाटलं की मी एकटीच हसले, आणि मग दचकून दाराकडं बघितलं. आनंद झाला होता, आणि चोरी केल्यासारखंही वाटत होतं.

पण हाताची सवय अशी जाते होय? मंडईत कुणी म्हातारा खाकरला की माझा हात डोक्यावर. थंडीच्या दिवसांत तर अख्खी मंडई खोकायची, आणि मी एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातानं पदर वर, खाली, वर, खाली. भाजीवाल्या मावशीनं एकदा विचारलंच, "ताई, डोकं दुखतंय का वो?"

मुलगी बालवाडीत जायला लागली तशी दुपार रिकामी पडली. जळकोटला, माझ्या माहेरी, मी बी.ए. झाले होते. दत्ता म्हणाला, "शीक की पुढं. कोण आडवायलंय?" मी समाजशास्त्र घेतलं. खरं सांगायचं तर त्याचे वर्ग दुपारी असायचे म्हणून घेतलं. पण नंतर त्या विषयानं मला अशी धरली की एम.ए. झाले, पुढच्या परीक्षा दिल्या, आणि आज एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. साडीची जागा ड्रेस-ओढणीनं घेतली, खोलीची जागा लिफ्टवाल्या सोसायटीतल्या फ्लॅटनं. 'लेक्चर', 'अटेंडन्स', 'सबमिशन' हे शब्द तोंडात बसले. काठवट मात्र तीच आहे.

या विषयात एक जुनं भांडण आहे, मला ते फार आवडतं. एक बाजू म्हणते, माणूस येतो तो रिकामा. बोलावं कसं, लाजावं कुणाला, रडावं कुणासमोर, सगळं समाज त्याच्यात भरतो आणि मग त्याला वाटतं हे माझंच आहे. दुसरी बाजू म्हणते, असं कसं? रीत काय आभाळातून पडते? माणसं पाळतात म्हणून ती असते, त्यांनी पाळायची सोडली की संपली. मी दुसऱ्या बाजूची. लई जोरात दुसऱ्या बाजूची. मुलांना सांगायचे, समाजाचा पहारेकरी बाहेर नसतो, आपल्या आत असतो, आणि मनात आणलं तर त्याला हाकलता येतं.

गेल्या वर्षी नेमकं हेच वाक्य टेबलाला टेकून झोकात बोलत होते, आणि फोन थरथरला. मामांचा. ते कधी दिवसा फोन करत नाहीत, म्हणून घाबरून उचलला. गडबडीत स्पीकर दाबला गेला. सगळ्या वर्गात आवाज घुमला, "ख्खुम्! अंहं... ख्खुम्! ख्खुम्!"

मी टेबलापासून सरळ झाले. ओढणी डोक्यावर, नजर खाली, पाय जुळवलेले. मामांचं खाकरणं लांबलंच, मग आवाज आला, "दत्ता जवळ असंल तर सांगावं, खवा धाडलाय म्हणून. नसंल तर आल्यावर सांगावं." फोन बंद. पहिल्या बाकावरची एक पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, पण त्यांना दिसत नव्हतं ना?" आणि मागून एक आवाज, "मॅडम, तो पहारेकरी गेला का हो?"

काय हसली पोरं! मीही हसले. म्हटलं, लिहून घ्या, परीक्षेला येईल. पण स्टाफरूममध्ये जाऊन बसले तेव्हा हसू ओसरलं. पुण्यात घर केलं, दोनशे पोरांना स्वातंत्र्य शिकवलं, आणि एका खाकरण्यावर माझा हात माझा राहत नाही? स्वतःचाच राग आला.

त्याच आठवड्यात रेखाचा फोन आला. रेखा म्हणजे माझी धाकटी जाऊ, दिराची, बाळूची बायको. ती ईटलाच असते. बारावी झालेली, हिशेबाला पक्की, आवाज असा की खव्याच्या भट्टीवरून हाक मारली तर वेशीत ऐकू यावी. तिनं एसटीत कंडक्टरच्या जागेसाठी अर्ज केला होता, तो मला वाटतं निम्मा हसण्यावारीच. आणि तिची निवड झाली! फोनवर ती कुजबुजत होती, आणि रेखा कुजबुजते म्हणजे काहीतरी बिघडलंय.

"अक्का, पत्र आलंय. सोमवारी हजर व्हायचंय. न्हाय गेलं तर नाव जातंय. माझा जीव वरखाली व्हायलाय."

"मग जा की! अडचण काय?"

"हे म्हणतेत, माझी हरकत न्हाय, पण मामांना चालायचं न्हाय. आत्या म्हणतेत, माझं काय, पण ह्यांना चालायचं न्हाय. खाकी कपडे, उघडं डोकं, गाडी बी ह्याच रस्त्यानं जाणार. मामा पारावर बसलेले असणार अन् म्या त्यांच्या म्होरं घंटी मारत... अक्का, मला लई मनातून करायचीय ही नोकरी. तुमी सांगा मामांस्नी. तुमी एवढं शिकलेल्या, तुमचं ऐकतील."

मी शिकलेली! जी मामांशी आजवर म्हशीमार्फतच बोललेली! पण रेखाचा आवाज असा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. म्हटलं, शनिवारी येते.

शनिवारी एसटीत बसले. मुद्दाम साडी नेसून. गावाच्या अलीकडचं वळण आलं आणि माझा हात पदराकडं गेला. सहज बाजूला बघितलं तर पलीकडच्या बाकावरच्या दोघी, मागची एक, पुढची ताजी पार्लरमधून आलेली एक, सगळ्यांचे पदर त्याच वळणावर वर. कुणी घंटी मारली म्हणावं? मला हसू आलं, आणि भीतीही वाटली. ह्या वळणावर मला माझा हात आवरत नाही, तर तिथं मामांसमोर माझ्या तोंडून काय होणार?

घरात सगळे असे वावरत होते जणू आजार्‍याच्या खोलीबाहेर. रेखाचे डोळे सुजलेले. बाळू मला बघून गोठ्याकडं बोट दाखवून सटकला. मामा गोठ्यापाशी दावं वळत बसले होते. माझ्या बांगड्या वाजल्या तसे ते खाकरले. मी पदर ओढून दाराच्या चौकटीआड उभी राहिले. रेखाची अख्खी नोकरी माझ्या जिभेवर येऊन बसलेली, आणि जीभ हलेना. चंद्रीची नात दावणीला उभी होती, तिच्या गळ्यात दावं नव्हतं. आणि लग्न झाल्यापासूनचं माझं पहिलं थेट वाक्य बाहेर पडलं ते असं, "मामा, म्हैस सुटलीय."

आतून रेखानं कपाळाला हात मारल्याचा आवाज आला.

मामांनी मान वर केली नाही. म्हशीला म्हणाले, "सुटली न्हाय. दावं तुटून आठ दिस झालं. दिवसभर फिरतीय अन् सांजच्याला आपली आपण हितं येऊन उभी ऱ्हातीय."

मला राहवलं नाही. म्हटलं, "सवय लागलीय तिला. दावं नसलं तरी दावं आहे असंच वाटत असणार."

"तसं न्हाय बाई," मामा म्हणाले. बाई म्हणाले! मला! "तिला पेंड-भुश्याचं आंबोण हितं मिळतंय. अंगावर हात फिरवणारं माणूस हितं हाय. उगंच कशाला सवयीचं नाव?"

माझ्या एवढ्या पुस्तकांना हे सुचलं नव्हतं. पण वाद घालायची वेळ नव्हती. मी चौकटीआडून पुढं आले आणि एका दमात बोलून टाकलं, "मामा, रेखाला एसटीत कंडक्टरची नोकरी लागलीय. परवा सोमवारी हजर व्हायचंय. तिला करायचीय. खाकी घालावं लागेल, डोकं उघडं राहील, गाडी गावातूनच जाईल. तुम्हाला चालत नसेल तर मला सांगा, पण तिला अडवू नका."

मामांनी दावं खाली ठेवलं.

"चार दिस झालं वाट बघायलाव," ते म्हणाले, "कुणी सांगतंय का म्हणून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पोस्टमननं एसटीचं पत्र माझ्याच हातात दिलं. म्या त्याला चहा पाजला. पाकीट भिंतीतल्या देवळीत कुंकवाच्या करंड्याखाली ठिवलं, रेखाला घावावं म्हणून. मग बसलो वाट बघत. कुणी बोलंना. घरात समदी तोंडं पाडून. मला वाटलं, पोरीनंच नको म्हणलं का काय नोकरीला."

"अहो मामा, मग तुम्ही का नाही बोललात?"

"म्या? खाकरल्याबिगर घरात पाऊल न टाकणारा माणूस, सुनंच्या पत्राचं बोलू?" मामा आता माझ्याकडं बघून बोलत होते, म्हैस बिचारी बाजूला पडली होती. "अन् मला काय चालतंय ते कुणी कधी इचारलंय का? उभ्या जिंदगीत? माझी आई म्हणायची, तुझ्या बापाला चालायचं न्हाय. म्या म्हणायचो, गावाला चालायचं न्हाय. गावाला इचारायला कोण गेलतं? भैरोबाची आण, कुणी म्हणजे कुणी गेलं न्हाय."

मी उभी होते तिथंच खाली बसले. गोठ्यात, शेणाशेजारी. हा माणूस एका वाक्यात माझं सगळं सेमिस्टर शिकवून मोकळा झाला होता. बाळू मामांना भ्यायचा, मामा गावाला भ्यायचे, आणि गाव? गाव म्हणजे पुन्हा बाळू, मामा आणि मीच की! आम्ही सगळे ज्याला घाबरून होतो तो असा कुणी नव्हताच.

"खोटं कशाला बोलू," मामा म्हणाले, "पयल्या दिशी मला बी जरा कसंतरी हुईल. पण ते माझं मी बघीन. तिनं कशाला नोकरी सोडावी?"

दाराआड रेखा मोठ्यानं रडायला लागली. तिच्या आवाजाचं सांगितलंच आहे, दोन घरं पलीकडून बाया धावत आल्या.

मग मला धीर आला. सतरा वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं. "मामा, आम्ही पुण्याला निघालो तेव्हा तुम्ही डोक्याला हात लावून मला खूण केली होती. पदर सोडू नको म्हणून. मी अजून पाळते. तुमचा फोन आला तरी पाळते."

मामा बावचळले. "खूण? कसली खूण?"

"टोपी पुढं ओढली होती की तुम्ही."

"अवं बाई..." ते थांबले, मग आधी इकडं बघितलं, मग तिकडं. "डोळं भरून आलतं. थोरला ल्योक चाललेला, सून चाललेली. समद्या गल्लीच्या म्होरं दस्ती काढून डोळं पुसू का काय? टोपी वढली म्होरं, झालं."

हसले, तर हसता हसता माझेच डोळे भरले आणि पुसायला टोपीसुद्धा नाही. तेवढ्यात आत्या चुलीपासून ओरडल्या, त्यांना सगळं ऐकू येत होतं. "अन् फोनचं बी सांगा की! बाई गं, तुला फोन लावला की हे टोपी हुडकीत बसतेत. सून प्रोफेसर हाय, तिच्यासंगं बोडक्यानं कसं बोलावं म्हणतेत. टोपी घावस्तोर नुसतं खाकरीत ऱ्हातेत!"

म्हणजे ते खाकरणं मला पदर घ्यायला वेळ मिळावा म्हणून नव्हतंच! मामा तिकडं टोपी शोधत होते, मी इकडं ओढणी ओढत होते. दोनशेवर किलोमीटरचं अंतर, मधे नुसता फोन, आणि दोन्ही टोकांना दोन माणसं एकमेकांसाठी डोकी झाकून उभी! त्या दिवशी गोठ्यात आम्ही पोटभर हसलो, आणि मामांना मी पहिल्यांदाच तोंड उघडून हसताना बघितलं. पुढचे दोन दात पडलेत त्यांचे. मला माहीतच नव्हतं.

सोमवारी रेखा हजर झाली. सोबत बाळू गेला, आणि डेपोच्या फाटकापर्यंत मामाही.

परवा सुट्टीत गेले होते तेव्हा मामांच्या चष्म्यासाठी त्यांना घेऊन तालुक्याला, भूमला गेले. परतताना गाडीत चढलो तर कंडक्टर रेखा! खाकी पोशाख, बिल्ला, गळ्यात मशीन, केस मागं घट्ट बांधलेले, डोकं उघडं. काय रुबाब! ती तिकिटं फाडत फाडत आमच्या बाकापाशी आली आणि मामा सवयीनं खाकरले. रेखाचा हात सवयीनं वर गेला. पदर कुठला सापडतोय? केसांवर नुसता फिरला आणि तसाच राहिला. क्षणभर मामा तिच्याकडं, ती मामांकडं. मग रेखानं हात खाली घेतला आणि गाडीभर ऐकू जाईल असं म्हणाली, "मामा, खाकरू नका. आधार कार्ड दावा."

मामांनी खिशातून कार्ड काढलं आणि असं ताठ मानेनं पुढं धरलं जणू त्यांनाच नोकरी लागली होती. शेजारच्याला म्हणाले, "सून हाय माझी." मग थोड्या वेळानं, माझ्याकडं अंगठा करून, "ही बी."

आता वर्गात ते भांडण शिकवताना मी कुठल्याच बाजूनं जोर करत नाही. समाज माणसात भरतो हे खरंच आहे, माझा हात अजून साक्षीला आहे. पण भरलेलं सगळंच दावं नसतं. त्यात आंबोण कुठलं आणि दोरी कुठली हे निवडायचं असेल तर एकच उपाय मला ठाऊक आहे, ज्याला घाबरतो त्याला जाऊन विचारायचं. पुण्यात मला कुणी अडवत नाही, म्हणून मी पुण्याला मोकळेपणा म्हणायचे, आणि ईट म्हणजे पदर. आता तसं राहिलं नाही. मोकळी तर मी शेणाशेजारी बसून झाले. इतकी वर्षं घर म्हणजे काय ते मी पुण्यात शोधत होते, दर वेळी फ्लॅट मोठा करत.

गुरुवारी मामांचा फोन आला. हात गेलाच ओढणीकडं. पलीकडून, "ख्खुम्! ख्खुम्!"

मी म्हटलं, "मामा, टोपी घातलीत?"

"न्हाय. घसा बसलाय, खरंच खाकरायलाव. तुमी पदर घेतलाय?"

ओढणी खांद्यावर सोडली. "नाही मामा."

"मग बोला बाई निवांत," मामा म्हणाले, "घरचंच हाय."